दारात म्हणायच्या चार ओळी

२ जून, तांजुंग पिनांग
बहीण रोहाना येऊन गेली. तिच्या जुल्फानच्या लग्नात पांतुन मी म्हणायचा! नवरीच्या दारात तिकडून चार ओळी येणार, आपण चार ओळींत उत्तर द्यायचं. पटलं तरच दारातलं आडवं कापड सुटणार. आजवर या कामाला मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणाली, "दादा, साधं म्हण हं. मागच्या सभेत निम्मे लोक झोपले होते."
झोपले नव्हते. डोळे मिटून ऐकत होते.
संकल्प: साधेपणा. जड शब्द म्हणजे जनतेवर जुलूम! यावर मी तासन्‌तास बोललोय.

४ जून
'समुद्रातून आली होडी.' समुद्र सगळेच वापरतात. सागर केलं. तेही पोकळ. रत्नाकर. आता होडी शोभेना. नौका.

७ जून, दुपार
'रत्नाकराच्या क्षुब्ध वक्षावरून अवतरली नौका.' थेट, साधी ओळ. मैमुनाला ऐकवली. बायको रश्श्यातली मासळी ढवळत म्हणाली, "कोण बुडालं?"
कवितेचा गंध नाही.

११ जून
चार ओळींत मावत नाही. नियम माणसासाठी असतात. वाढवल्या.

१४ जून, लग्न
नवरीची आत्या फडाफडा चार ओळी म्हणून मोकळी झाली. मी घसा खाकरला. नौका किनाऱ्याला लागायच्या आत बाई ओरडली, "अहो, नवरा वाळला की उन्हात!" सगळे हसले. मी आवाज चढवला. रोहानानं मला कोपरानं बाजूला सारलं आणि म्हणाली:

भरतीला आली होडी किनारी,
जाळ्यात मासळी ताजी;
पोरगा उभा तुमच्या दारी,
लेक द्या, व्हा हो राजी.

कापड सुटलं. आत्या चक्क रडली. लग्नाच्या कवितेत मासळी! वास येऊन रडली असेल.
जुल्फान वळून म्हणाला, "मामा, राहू द्या आता. चला जेवायला."
माझी नौका अजून समुद्रातच होती.

३० जून
धाकट्या भाच्याचं ठरलं. दारात रोहानाच म्हणणार. मला म्हणाली, "दादा, तू खुर्च्यांचं बघ."
रोजनिशीत लिहिलं: 'मला वाईट वाटलं.'
वाईट सगळेच वापरतात. खोडलं.
विषाद बघतो.