निळ्या ट्रेलरचं दार

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचा. नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. वही ताईनं दिली. म्हणाली, या वेळी नोकरी का सोडलीस ते निदान लिहून तरी ठेव. टोमणा बरोबर आहे. छापखाना, बेकरी, बोटींचं रंगकाम, सगळीकडून मी काहीतरी कारण सांगून निघालो. बेकरीत तर पिठाची अ‍ॅलर्जी आहे म्हणालो आणि निघताना पाव खात खात बाहेर पडलो.

इथे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, ट्रेलरच्या यार्डाचे सुपरवायझर आहेत. मोठं मैदान, तारेचं कुंपण, एक गेट. ट्रेलर म्हणजे मालाची लांबलचक पेटी, तिला चाकं. ओढणारं डोकं वेगळं असतं. चोर स्वतःचं डोकं घेऊन येतो, पेटी जोडतो आणि मालकाच्या थाटात निघून जातो. म्हणून आता प्रत्येक दाराला साबणाच्या वडीएवढा सेन्सर बसवायचा. दाजी त्याला डबीच म्हणतात. दार हललं, कोणी डबी उचकटली किंवा ट्रेलर गेटबाहेर गेला, की ती बिनतारी कळवते आणि केबिनमधला पडदा लाल होतो.

डब्या लावायचं काम माझं. बटण दाबायचं, डबी दाराला चिकटवायची आणि तासभर हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात ती आपला ट्रेलर शिकते. त्याचं दार कसं हलतं, वाऱ्यात तो कसा थरथरतो, सगळं. एकदा शिकली की पक्कं.

मी वेळ वाचवायला सगळी बटणं आधीच दाबून टाकली आणि भराभर चिकटवत सुटलो. मध्येच एक ड्रायव्हर टायरच्या सावलीत बसून अकॉर्डियनचा फाटका भाता शिवताना दिसला. ते बघत बसलो, तिथेच डोळा लागला. उठलो तर एक डबी शर्टाच्या खिशातच राहिलेली. दाजींनी बघायच्या आत निळ्या ट्रेलरला चिकटवून आलो. काम फक्कड आहे. इथे टिकेन असं वाटतंय.

बुधवार, ६ तारीख

दोन दिवस निळ्या ट्रेलरनं डोकं उठवलंय. पडद्यावर सारखं तेच: दार उघडलं, दार बंद झालं, उघडलं, बंद झालं. धावत जावं तर दार घट्ट, सील जागच्या जागी. परत केबिनमध्ये यावं तर पडदा लाल. गेटवरचे काका म्हणतात, आत एखादा पाहुणा पंखा हलवत बसला असेल, विचार जरा चहा घेणार का.

दाजींना हसू येत नाही. पुढच्या आठवड्यात विमा कंपनीचा माणूस तपासणीला येणार आहे. पडदा लाल दिसला तर दाजींची खुर्ची गेली. मला म्हणाले, मेहुणेबुवा, एवढं एक काम धड करा, आमच्यावर उपकार होतील.

डबी बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. आधी गाणं, मग गाणं, मग एक बाई. दाराच्या चौकटीवरचा चुंबक डबीजवळ सरकवा म्हणाली. सरकवला. काही फरक नाही. पुन्हा फोन, पुन्हा गाणं. आता ते गाणं मला पाठ आहे. चाल वाईट नाही तशी, मधला तुकडा शिट्टीवर छान बसतो. पण ते असो.

गुरुवार, ७ तारीख

आज एक गोष्ट ध्यानात आली.

मी धावून आलो की निळं दार भराभर उघडमीट करतं. शांत बसलो की सावकाश. जांभई दिली तर पडद्यावर लांबलचक ‘उघडं’. मी श्वास सोडून तसाच थांबलो. पडद्यावर: बंद. थांबलो, थांबलो. बंदच. श्वास आत घेतला. उघडं.

डबीनं शिकायचा तास माझ्या खिशात काढला. ती ट्रेलर शिकलीच नाही. ती मला शिकली.

दाजींना हाताला धरून पडद्यासमोर आणलं. नेमका तेव्हाच पडदा गोठला, ‘सिग्नल नाही’. मी तोंड लाल करून श्वास रोखून उभा आणि दाजी माझ्याकडे बघताहेत. म्हणाले, बेकरीत अ‍ॅलर्जी, इथे हे.

शुक्रवार, ८ तारीख

हद्दीचा पहारा कंपनीनं आज सकाळीच चालू केला, सायरनसकट. केस कापायला निघालो. गेटबाहेर पाऊल पडताच सायरन. पडद्यावर: निळा ट्रेलर हद्दीबाहेर, चोरी. ट्रेलर समोर उभा. काकांना बोटानं दाखवला. काका म्हणाले, दिसतोय रे बाबा मला, पण पडदा म्हणतो गेला, आणि पगार मला पडद्याचा मिळतो. आडवा दांडा खाली टाकला. मी आत आलो, सायरन थांबला. पुन्हा बाहेर, पुन्हा सायरन.

दाजींचा हुकूम: तपासणी होईपर्यंत मी बाहेर पडायचं नाही. माझा काय संबंध ते त्यांना पटत नाही, पण मी बाहेर पडलो की वाजतं एवढं पटलंय. केबिनमध्येच झोपायचं. कुठल्याही नोकरीतून निघताना मला कधी कोणी अडवलं नव्हतं.

ताईला फोन केला, रडकुंडीला आलो होतो. ती म्हणाली, कारण या वेळी बरंच लांबचं शोधलंस.

शनिवार, ९ तारीख

डबीच काढून टाकायची ठरवली. पान्हा घालून उचकटली. जरा हलली आणि इथे, छातीत, बरगडीखाली कोणीतरी पान्हा घातला. खाली बसलो. पडदा: छेडछाड. दाजी ओरडत आले. शर्ट वर करून दाखवला. डबीच्या आकाराचा वळ. दाजी म्हणाले, चिकटवताना लागलं असेल.

सोमवार, ११ तारीख

दाजी खूश. कंपनीनं नवी सोय काढली आहे, डबीतच कुलूप. उद्या दुपारी सगळ्या डब्यांना एकदम हुकूम सुटणार. दार एकदा अडकलं की सुपरवायझरनं सांगितल्याशिवाय उघडणार नाही. खोटे अलार्म संपले, म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडलो, खरंच. निळ्याला वगळा म्हणालो. त्यांनी मला उठवून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, तपासणी होऊ दे, मग तुला हवं तिकडे जा, मीच बसस्टँडवर सोडतो.

कंपनीच्या त्या बाईला फोन. गाणं. बाई म्हणाली, रद्द करायला सुपरवायझरांचाच फोन लागेल. मी विचारलं, दार उघडं असताना कुलूप पडतं का. नाही म्हणाली, उघड्यावर पडत नाही, थांबून राहतं. डबीवर पिवळा दिवा लागतो. पुढच्या वेळी दार बंद झालं, की पडलं.

म्हणजे मी श्वास सोडला, की —

मंगळवार, १२ तारीख

विमेवाला आला. दाजी त्याच्याबरोबर फिरताहेत, फोन उचलत नाहीत. काकांना म्हणालो दाजींना बोलवा. गेट सोडता येत नाही म्हणाले.

निळ्यापाशी बसलोय. डबीवर नजर. दिवा अजून हिरवा. प्रत्येक वेळी सोडताना वाटतं, हाच —

पिवळा.

पिवळा लागला तेव्हा श्वास आत होता. नशीब. आत आहे. सोडायचा नाही —

हाक मारता येत नाही. हाक मारायची तर हवा सोडावी —

पानभर मोठं लिहिलं: दाजी कुलूप काढा. वर धरलं. दाजी लांबून हात हलवतात. हसताहेत —

डोळ्यांपुढे ठिपके. थोडासाच सोडू का. थोडासा म्हणजे दार किती —

येताहेत. दोघंही. मोबाइलवर पडदा दाखवताहेत त्याला. निळा तेवढा राहिलाय, बाकी सगळे बंद —

वही दाजींच्या तोंडासमोर धरली. चष्मा नाही म्हणाले. त्याला सांगताहेत, हा आमचा मेहुणा, टिकला बघा या वेळी, आणि शाबासकीची थाप मारायला माझ्या पाठीवर हात उच