सहा मैलांपलीकडचं केंद्र

पालघर,
शुक्रवार, १० मार्च १९६७

प्रिय आनंदा,

पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. डाव्या हातानं फोडायला तुला त्रास झाला असता. उषाबाईंचा भाऊ उद्या मुंबईला जातोय, तो इस्पितळात येऊन हे तुझ्या हातात देईल. मी अजून उषाबाईंकडेच राहते. त्या माझ्याच शाळेत शिकवतात, आणि गाव सोडून दांडीहून अंगावरच्या लुगड्यानिशी आले तेव्हापासून त्यांनी मला काही म्हणजे काही विचारलेलं नाही. शाळा चालू आहे. काल मुलींना युरोपचा नकाशा दाखवताना इंग्लंडवर काठी ठेवली आणि पुढचं वाक्यच सुचेना. मुली हसल्या. मग मीही हसले.

तुला तो दिवस आठवत असेल. दादाचा ट्रान्झिस्टर बिघडला म्हणून तू तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या साइटवरून सायकलीनं आमच्या दांडीला आलास, अंगणात बसून तो दुरुस्त केलास, आणि त्याच्या पोटातली तार जोडता जोडता मला त्या अमेरिकन साहेबाच्या मासिकातली गोष्ट सांगितलीस. आधी डेन्मार्क, मग हॉलंड, मग स्वीडन, आणि आता इंग्लंड. सरकार रेडिओ चालवू देत नाही म्हणून लोकांनी जुनी जहाजं घेतली, सरकारच्या हद्दीबाहेर समुद्रात नांगरली आणि तिथून गाणी लावली. लाखो लोक ऐकतात म्हणे. मी विचारलं, नुसती गाणीच? तू म्हणालास, "मग काय, कीर्तन लावायचं?" दादा खो खो हसला. कऱ्हाडचा घाटी विनोद करतो म्हणून त्यानं तुला वाटीभर सुकट बांधून दिली. आमच्या घरात तुझं पहिलं स्वागत त्यानंच केलं, हे मी विसरलेले नाही.

तू गेलास आणि मला झोप लागेना. आमच्या माणसांचा अर्धा जन्म पाणी थांबायची वाट पाहण्यात जातो. डोल जाळं समुद्रातल्या खुंटाला बांधायचं आणि ओढ मंदावेपर्यंत होडीत बसून राहायचं. बिडी ओढायची, शिव्या द्यायच्या. मी घरातली पहिली बी.ए. दादानं चौथीतून शाळा सोडली ती मला शिकवायला. ओहोटीत खाडी ओलांडताना माझं दप्तर त्याच्या डोक्यावर असायचं आणि मी खांद्यावर. शिकून गावाला काय दिलं, असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मला तुझ्या त्या मासिकात सापडलं.

लॅमिंग्टन रोडवरून तू लष्कराच्या भंगारातला सेट आणलास, ट्रकच्या बॅटऱ्या आणल्यास. दांडीचे जुने तांडेल, पंढरीकाका, त्यांनी आपली होडी दिली. बाईमाणसानं होडीत पाय ठेवायचा नाही हा दांडीचा कायदा, पण काका म्हणाले, "पोरी, पुस्तकवाली बाई दर्याला चालते का, ते दर्यालाच इचारू." सहा मैल बाहेर गेलं की सरकारचं राज्य संपतं, असं तू सांगितलंस. तिथं काका नांगर टाकायचे, डोलकाठीवर तार चढायची, आणि मी बोलायला लागायचे. आपल्या केंद्राची वेळ घड्याळावर नव्हती. पाणी वाहायला लागलं, सगळ्या होड्या खुंटांवर वाट पाहत बसल्या, की आपण सुरू. मी वाऱ्याचा अंदाज सांगायचे, छापून आलेल्या बातम्या वाचायचे, गोष्ट वाचायचे, कुणाला मुलगा झाला तर तेही. दांडीच्या वलांड्यांवर, त्या खांबांना बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत टाकणाऱ्या बायकांनी खांबाला ट्रान्झिस्टर टांगला. आई सगळ्यांना सांगायची, "माजी नर्मदा बोलते ती, गप रावा!" खाडीपलीकडच्या गावातही ऐकत होते. दोन्ही गावांचं खुंटांवरून कैक वर्षांचं वैर, पण गोष्टीचा पुढचा भाग दोघांनाही हवा असायचा. तेव्हा मला वाटलं होतं, आवाजाला हद्द नसते, आता भांडणही टिकणार नाही. हे वाचून तू हसणार. हस.

मग डिसेंबरात पलीकडच्या गावाची एक होडी आमच्या खुंटांजवळ आली. आमच्या होड्यांनी तिला घेरलं, धडक देऊन उलटी केली. दोघं पोहत सुटले. तिसरा, मैनाबाईचा नवरा, आमच्याच एका होडीच्या कडेला लटकला होता, त्याची बोटं वल्ह्यानं ठेचून सोडवली गेली आणि तो बुडाला. त्याच दिवशी देवळापुढे गावकी बसली. ठरलं की वाऱ्यानं होडी उलटली. कुणी वेगळं बोललं तर त्याचं घर वाळीत. दादा गावकीत सर्वांत तरुण होता, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच बोलला.

मैनाबाई माझ्या शाळेत आली होती, पालघरला, हे तुला माहीत आहे. वऱ्हांड्यात उभी राहिली, आत यायला तयार नाही. म्हणाली, "बाई, तुमी समद्यांचं सांगता. माज्या घरवाल्याचं पन सांगा. त्याची बोटं मी बघितली हायत." मी तुला विचारलं, काकांना विचारलं. तू सेटचं बटण घट्ट करायला घेतलंस. मग म्हणालास, इंग्लंडातही गेल्या वर्षी अशाच एका केंद्रावर माणसं चढली, आणि भांडणात एक मालक गोळी लागून मेला. काका म्हणाले, "आपल्याकडं गोळी नाय, वल्हं हाय. बोल, पोरी." आणि मी बोलले. मैनाबाईचे शब्द, जसेच्या तसे.

तिसऱ्या दिवशी ते आले. यापुढचं तुला किती आठवतं मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, डोक्याला मार बसल्यावर माणूस बरंच विसरतो. म्हणून लिहिते.

भर दुपार होती. मी वारा सांगत होते. हात मोकळे राहावेत म्हणून बोलायचं बटण तू नेहमीसारखं दोरीनं करकचून बांधलं होतंस. होडी येताना दिसली तेव्हा काकांना वाटलं, कुणी पाणी मागायला येतंय. आमच्याकडे दुसऱ्याच्या होडीला हात लावण्याआधी हाळी द्यायची असते, आपलं नाव, आपल्या होडीचं नाव. न सांगता चढतो तो चोर. पोरं बोलायला लागतात तेव्हाच हे शिकतात. दादा वल्हं हातात घेऊन उभा होता, सोबत चौघं, त्यांच्या हातात कोयते आणि सळया. आणि तरी त्यानं हाळी दिली. "होऽऽ पंढरीतांडेल! दर्यालक्ष्मीचा एकनाथ येतो होऽऽ!" जीव घ्यायला येतानाही त्याच्या गळ्यातून ते आपोआप निघालं. आणि सेट चालू होता.

पुढचं सगळं किनाऱ्यावर ऐकू गेलं, आनंदा. खुंटांवरच्या होड्यांत, वलांड्यांखाली, पलीकडच्या गावात.

दादानं मला केसांना धरून आपल्या होडीत ओढलं. माझ्या पाठीवर पाय दिला आणि एकाला सांगितलं, हिला हलू देऊ नको. तोंड मासळीच्या पाण्यात, पण मान वळवून मी बघत होते. त्यांनी तार तोडली नाही, आधी तुला धरलं. कुणीतरी म्हणालं, "कुठला हात मशीन चालवतो रं तुजा, घाट्या?" तुझा उजवा हात फळीवर पसरून धरला आणि नांगरानं ठेचला. एकदा नाही. तू ओरडलास तो आवाज मी माणसाच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. मग सळई तुझ्या कानामागे बसली आणि तू गप्प झालास. काका मधे पडले. हातात काही नव्हतं. "एकनाथा, पोरा, तुला मी पोहायला शिकवला रं," एवढंच म्हणाले. दादानं वल्हं फिरवलं. ते काकांच्या जबड्यावर लागलं, काका पाण्यात गेले. वर आले, होडीची कड धरली. मला वाटलं, आता थांबेल. त्यानं वल्ह्याचं पातं काकांच्या डोक्यावर ठेवलं आणि खाली दाबलं. जसं आपण जाळ्याचा गोळा पाण्याखाली दाबतो तसं, सगळं अंग टाकून. काकांची बोटं कडेवर होती, एकेक करून सुटली. मग कुणीतरी बॅटऱ्या उलथ्या केल्या.

तुला त्यांनी किनाऱ्यावर आणलं ते मी दादाच्या पायाला चावून आरडाओरडा केला म्हणून, आणि मागून दुसऱ्या होड्या येत होत्या म्हणून. नाहीतर तूही आज नसतास.

होडी वाळूला लागली. वलांड्यांखाली सगळ्या बायका उभ्या होत्या. खांबावर ट्रान्झिस्टर नुसता खरखरत होता. काकांची राहीबाई वाळूत बसली होती. तिचे दोन्ही हात उघडे, मनगटातून रक्त, आजूबाजूला हिरव्या काचा. अजून एकाही होडीनं तिला काही सांगितलं नव्हतं. काकांचं प्रेत दुसऱ्या दिवशी सापडलं. वाळूत आई राहीबाईच्या शेजारी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. ती दादाकडे बघत होती.

आणि त्याच संध्याकाळी पोलीस आले तेव्हा सगळ्या गावानं सांगितलं की आज रेडिओ लागलाच नाही. राहीबाईनंही सांगितलं. तिच्या दोन मुली गावात नांदायच्या आहेत. मी तिला दोष देत नाही, खरंच देत नाही. मी एकटीनं जबाब दिला. माझ्या जबाबावरून खटला उभा राहिला आहे, आणि दादाचा वकील म्हणतो, भावाबहिणीचं घरगुती भांडण आहे, शिकलेली पोरगी परक्या मुलाच्या नादी लागली, भावानं अडवलं म्हणून सूड घेते. त्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. तू.

बुधवारी आई आली. पदरात सुके बोंबील बांधून आणले होते, मला आवडतात म्हणून. उषाबाईंच्या ओटीवर बसली, पाणीही घेतलं नाही. म्हणाली, "नर्मदे, पंढरी गेला तो गेला. माजा नको नेऊस." मग ती म्हणाली, "एकनाथ तुजं लगीन लावून देतो म्हनतो. त्या घाट्याशीच. मांडव घालून, गावकीपुढं. वाळीत नाय, काय नाय." मला वाटलं, तिच्या मनाचा हा खेळ आहे. तेव्हा तिनं सांगितलं की निरोप तुझ्याकडे आधीच पोचलाय आणि तू कबूल झालास. तू इस्पितळात जबाब दिलास की होडी हेलकावली, पंढरीकाका पडले, त्यांना धरताना तूही घसरलास आणि हात नांगराखाली आला. "तो शाना हाय," आई म्हणाली, "तुज्यापरीस शाना."

तू हे का केलंस ते मला कळतं. मला आई, घर, गाव सगळं परत मिळावं म्हणून केलंस. खरं बोललास तर विनापरवाना रेडिओ चालवल्याचा गुन्हा तुझ्यावर लागेल, साइटची नोकरी जाईल, आणि मोडक्या हाताच्या माणसाला दुसरी कोण देणार, हेही तुझ्या मनात आलं असेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुझ्याशी लग्न करायचं मी किती वेळा मनात रंगवलंय ते तुला सांगितलं तर तू मला चिडवशील. पण त्या मांडवात माझ्या हातात बांगड्या भरायला बायका येतील, त्यात राहीबाई असेल. दादा तुझा ठेचलेला हात धरून माझ्या हातात देईल. आणि खाडीपलीकडे मैनाबाई असेल, जिनं आपल्यावर विश्वास ठेवला. मला हे जमणार नाही, आनंदा. दादानं मला खांद्यावरून खाडीपार नेलं, तोच दादा मी सोमवारी फाशीच्या वाटेवर उभा करणार आहे. माझ्या हातून ते होणार आहे हे माहीत असूनही मला रात्री झोप येते, याचीच मला भीती वाटते. हे पत्र मी तुला समजवायला लिहीत नाही. सोमवारी पालघरच्या कोर्टात आधी तुला बोलावतील, मग मला. तू काहीही सांग, मी पाहिलं ते सांगणारच. फक्त तू घसरून पडलो म्हणालास तर त्यानंतर तुझ्याकडे पाहायची ताकद माझ्यात उरणार नाही, हे तुला कोर्टात उभं राहायच्या आधी कळलेलं असावं, म्हणून लिहिलं.

सोमवारपर्यंत तुझीच,
नर्मदा