भट्टीच्या वळणापासून पुलापर्यंत

दि. ३ डिसेंबर

चि. खुडबुडीस,

आजीचे आशीर्वाद. मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही, म्हणून आशीर्वादाचा एकच हात ठेवते, दुसरा राखून.

मी बरी आहे. कोंबड्या माझ्यापेक्षा बऱ्या आहेत. अंडी भरपूर पडतात, पण बाजारातल्या बेकरीपर्यंत धड पोचत नाहीत. कारण पिकअप. तुझे आजोबा गेल्यापासून गाडी मी चालवते. इतके दिवस निमूट चालली, आता रस्त्यात मध्येच खोकते. ढास लागल्यासारखे हिसके देते आणि मग आपोआप गप्प होते. अंगणात चालू करून ठेवली तर आवाजात एक चूक काढता येणार नाही. तुझ्या आईसारखी, चार माणसांत गुणी. (हे तिला वाचून दाखवू नकोस.) परवा हिसक्यांत अंड्यांचे ट्रे फुटले. बेकरीवाल्याने विचारलं की ऑम्लेट करूनच आणलंत का. गाडीपेक्षा त्याचं तोंड जास्त धूर सोडतं.

त्याच तोंडातून बातमी तुझ्या बापापर्यंत गेली. त्याचं फर्मान आलं आहे. महिनाअखेर येऊन तो गाडी विकणार, कोंबड्या विकणार आणि मला त्याच्या फ्लॅटात नेणार. तिथे मला एक खोली आहे, खोलीला खिडकी आहे, खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. तिथे बसून मी काय अंडी घालू? गाडी नीट चालली तर मी माझ्या घरात राहीन, नाही तर नाही. तू इंजिनांत हात काळे करतेस त्याचा घराला एकदा तरी उपयोग होऊ दे.

उत्तर लवकर आलं तर लोभ वाढेल, नाही तर आहे तेवढ्यावर भागव.

आजी


दि. ९ डिसेंबर

ती. आजीस,

सा. न. वि. वि. चुकले. वर्कशॉपमध्ये मान वर करायला सवड नव्हती.

औषधाआधी रोगी कोण ते कळू दे. आजोबा त्या गाडीत सतत काहीतरी काढत-घालत असायचे, त्यामुळे बॉनेटवर लिहिलेल्या नावावर माझा काडीचा विश्वास नाही. बॉनेट उघड आणि प्लग मोज. एका रांगेत आहेत की दोन, ते लिही. तेल मोजायच्या दांडीजवळ इंजिनाच्या अंगावर ओतीव आकडे असतील. तिथली घाण पूस, कागद ठेव आणि वरून पेन्सिल घास. आकडे उठतील, तो कागद मला पाठव.

मग इंजिन चालू असताना एकेका प्लगची टोपी काढून पुन्हा बसव. टोपी काढल्यावर आवाज बिघडला तर तो सिलिंडर कष्टाळू. काहीच फरक पडला नाही तर तो आयतोबा, सापडला चोर. हातात फडकं घे. कोरडं फडकं, आजी. कोरडं.

बाबांपाशी मी यातलं काही बोललेले नाही. ते विषय काढतात तेव्हा मी पाणी प्यायला उठते.

तुझी,
खुडबुडी


दि. १४ डिसेंबर

चि. खुडबुडीस,

आशीर्वाद. कागद सोबत आहे. प्लग सहा, एका रांगेत, दांडीवर कोंबड्या बसाव्यात तसे.

फडकं मी अंडी पुसायचं घेतलं. ते कोरडं नव्हतं हे मला दुसऱ्या टोपीला कळलं. असा झटका तुझ्या आजोबांनी उभ्या संसारात दिला नाही. पण काम पुरं केलं. सहाही कष्टाळू, आयतोबा एकही नाही.

आता एक चमत्कारिक गोष्ट ऐक. कोंबड्यांचं खाद्य देतो त्याची बायको चार दिवसांपूर्वी माझ्याबरोबर बाजारात आली. बाई अंगाने भरलेली. ती शेजारी बसली आणि गाडी दारापासून बाजारापर्यंत खोकत गेली. ती उतरली, गाडी गप्प. तिला वाटलं मी मुद्दाम करते. परतताना ती चालत आली आणि दोन दिवस खाद्य उशिरा आलं.

एरवी मी एकटीच असते. तेव्हा का खोकते ते तू सांग.

लोभ जागेवर आहे.

आजी


दि. १९ डिसेंबर

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझे आकडे बघून मी जागेवरून उठलेच. हे पिकअपचं इंजिनच नाही. मोठ्या लॉरीचं आहे, गाडीपेक्षा जुनं. आजोबांनी ते कुठून पैदा केलं तुला ठाऊक आहे का?

हे इंजिन लांब असतं. ते बसवायचं तर पुढची बॅटरी हलवावी लागते. ती त्यांनी शेजारच्या माणसाच्या पायाखाली, पत्र्याच्या आत बसवली असणार, आणि इंजिनाला ठिणगी देणारी वायर तिथूनच फिरवली असणार. वायरीचं आवरण घासून गेलं असेल. माणूस बसला की पत्रा दबतो, उघडी तार लोखंडाला टेकते, ठिणगी मरते आणि इंजिन खोकतं. खाद्यवाल्याच्या बायकोचा दोष नाही, तिला तसं सांग.

खात्री करून घे. शेजारी खाद्याचं पोतं ठेवून इंजिन चालू कर. खोकलं पाहिजे. पोतं उतरव. थांबलं पाहिजे.

एकटी असताना खोकते तेव्हा शेजारी सामान ठेवत असशील. आठवून बघ.

तुझी,
खुडबुडी


दि. २४ डिसेंबर

चि. खुडबुडीस,

आशीर्वाद. पोतं ठेवलं, खोकलं. उतरवलं, गप्प. पुन्हा ठेवलं, पुन्हा खोकलं. पत्रा उचलून पाहिला, बॅटरी तिथेच आहे. शिकलीस म्हणायची.

आता पुढचं वाच, आणि आजीला चळ लागला असं ठरवायच्या आधी एकदा पुन्हा वाच.

शेजारी मी कधीच काही ठेवत नाही. अंडी मागे असतात. पोतं घरी ठेवून मी भर दुपारच्या उन्हात बाजाराला निघाले. डोळ्यांवर चष्मा होता आणि शुद्ध जागेवर होती. बंद पडलेल्या वीटभट्टीच्या वळणापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. वळणावर वेग कमी केला, तशी गाडी त्या बाजूला जराशी झुकली. कोणी पायरीवर पाय देऊन चढताना झुकते ना, तशी. आणि खोकायला लागली. कालव्याच्या पुलापर्यंत खोकत राहिली. पुलावर ट्रे बघायला मी रोज थांबते. थांबले तशी त्या बाजूने पुन्हा हलली, वर उचलली गेली, आणि गप्प.

दुसऱ्या दिवशी तेच. वळणापासून पुलापर्यंत, ना आधी ना नंतर. मी वाटेत गाडी थांबवून शेजारी पाहिलं. बाकाचं रेक्झिन दबलेलं होतं. हात लावून बघितला नाही. मी कोणाच्या अंगाला न विचारता हात लावत नाही.

तू म्हणालीस की माणूस बसला की खोकते. मग हिशेब तूच कर.

आजी


दि. २८ डिसेंबर

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तिथे रस्ता खराब असेल, पत्रा हादऱ्याने दबत असेल. असंच असणार. मी हे तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.

बाबा येत्या रविवारी येत आहेत. त्याआधी वायरीवर काळी टेप गुंडाळ आणि पत्र्याखाली जुन्या टायरचा जाड तुकडा घाल. मग शेजारी हत्ती बसला तरी इंजिनाला कळणार नाही.

आणि आजी, वाटेत थांबून शेजारी बघत जाऊ नकोस.

तुझी,
खुडबुडी


दि. ५ जानेवारी

चि. खुडबुडीस,

अनेक आशीर्वाद. टेप गुंडाळली, टायर घातला. खाद्यवाल्याच्या बायकोला मानाने शेजारी बसवून बाजारात नेलं. गाडीने शिंकसुद्धा दिली नाही. मग एकटी निघाले. भट्टीच्या वळणावर गाडी तशीच झुकली, रेक्झिन तसंच दबलं. इंजिन तेवढं खोकलं नाही. बिघाड गेला, सवारी राहिली.

पुलाच्या चौकीवरच्या म्हाताऱ्याला गाठलं. मी विचारलं त्याचं त्याला नवल वाटलं नाही. तो म्हणाला की तुमचे मालक रोज पुलावर थांबायचे, वाकून पलीकडचं दार उघडायचे, जरा वेळाने ओढून घ्यायचे. विचारलं की सांगायचे, कडी नीट बसत नाही. मग त्याने आणखी सांगितलं. हे इंजिन त्या भट्टीच्याच लॉरीचं. तो आवाज त्याच्या ओळखीचा आहे. संध्याकाळी ती लॉरी कामकऱ्यांना भट्टीवरून आणून पुलावर सोडायची. एकदा ऐन थंडीत ती एका बाईला न घेताच निघाली. बाई हाका मारत मागून चालत आली. ती पुलापर्यंत पोचली नाही, सकाळी रस्त्याच्या कडेला सापडली. पुढे भट्टी बंद झाली, लॉरी भंगारात गेली आणि तिचं इंजिन तुझ्या आजोबांनी उचललं.

तू इंजिन आकड्यावरून ओळखलंस. तिने आवाजावरून ओळखलं असेल.

मीठ कमी, मीठ जास्त यावर हा माणूस माझ्याशी जन्मभर भांडला. याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

रविवारी तुझा बाप आला. गाडी ठणठणीत बघून खूश झाला, किंमत चांगली येईल म्हणाला. म्हणजे मी रांधलं ते माझ्याच पानात उलटं पडलं. गिऱ्हाइकाला आणायला तो गाडी घेऊन एकटाच निघाला. मी त्याला बजावलं की पुलावर थांब आणि पलीकडचं दार उघड. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की फ्लॅटातल्या खोलीत एक डॉक्टरही ठेवावा लागणार. थांबायचं त्याच्या मनातही नव्हतं.

परत आला तो पायी. सोबत गिऱ्हाईक नाही, गाडी नाही. चेहरा अंड्याच्या टरफलासारखा. पाणी पाजलं तेव्हा बोलला. वळणानंतर शेजारच्या काचेवर वाफ धरली, तोंडाजवळ धरते तेवढी. त्याने रुमालाने पुसली, ती पुन्हा धरली. तो पुलावर थांबला नाही. पूल मागे पडला आणि त्या दारावर आतून थापा पडू लागल्या. आधी हळू. मग दोन्ही हातांनी. त्याने गाडी वळवून पुलावर आणली, दार उघडलं आणि सगळं टाकून तो घराकडे चालत सुटला.

मी जाऊन गाडी आणली. दार सताड उघडं होतं, आत कोणी नव्हतं.

आता तो विकायचं नाव काढत नव्हता, पण गाडी इथेच सोड आणि आत्ताच्या आत्ता चल म्हणून हट्ट धरून बसला. मी त्याला एकच विचारलं, की मी नसले तर पुलावर दार कोण उघडणार. उद्या गाडी कोणी नेली आणि तो तुझ्यासारखाच पुढे निघून गेला तर तिने कुठवर थापा मारायच्या? तुझ्या बापाने आपली पिशवी उचलली. संध्याकाळच्या बसने तो गेला. माझं घर, माझ्या कोंबड्या आणि गाडी जिथल्या तिथे ठेवून गेला. बसमध्ये चढताना एवढंच म्हणाला की आई, दार उघडायला विसरत जाऊ नकोस.

आता मी वळणावरही थांबते. तिने चालत्या गाडीत चढायची काय गरज?

सुट्टीत तू येणार आहेस, ये. अंडी पोचवायला माझ्याबरोबर चल. वळण आलं की माझ्याकडे सरकून मध्ये बस आणि दाराकडची जागा मोकळी कर. टक लावून बघायचं नाही, बडबड करायची नाही. ती दमलेली असते.

लोभ आहेच, मागायला नको.

आजी