पोटावरची झालर

४ फेब्रुवारी

ठरलं. ऑपरेशन करायचं. एकवीस तारीख मिळाली. पोटावरची झालर कायमची जाणार.

नोंद असावी म्हणून लिहितो. दोन वर्षांत एकशे एकेचाळीस किलोंवरून चौऱ्याऐंशीवर आलो. स्वतःच्या हिमतीवर. अख्खा एक माणूस अंगावरून उतरवला, पण त्याची कातडी माझ्याकडेच राहिली. पोटाखाली लोंबते. घडीत घाम साचतो, पुरळ येतं, पावडर टाकली की तिचा चिखल होतो. पँट घालताना आधी ती दोन्ही हातांनी गोळा करून आत कोंबायची, मग बटण. मी कटिंग मास्तर! सगळ्या गावाला फिटिंग देतो आणि स्वतःच्या अंगाला फिटिंग नाही.

बायको आठ महिने तिच्या भावाकडे आहे. कारण उघड आहे. अशा अंगाशेजारी कोण झोपेल? तोंडानं बोलली नाही कधी, पण मला कळतं. झालर गेली की येईल.

५ फेब्रुवारी

दुकानात काकांना सांगितलं. काका म्हणजे आमचे काजबटणवाले. काजं करतात, बटणं लावतात आणि न विचारता मतं देतात. म्हणाले, मास्तर, तुम्ही जाड होतात तेव्हा वहिनी होत्याच की. बारीक झालात तेव्हा गेल्या.

म्हटलं, काका, सुई ओवा. वय झालं की माणूस मागचंपुढचं करतो.

८ फेब्रुवारी

बायको गेली त्याबद्दल एकदाचं लिहून टाकतो. डोकं तरी मोकळं होईल.

मी बारीक झालो, तर तिचंही भलं व्हावं, एवढंच मनात. म्हणून तिचा भात वाढायच्या आधी वजनकाट्यावर ठेवायचो. तिचे ड्रेस सैल करायचं काम माझंच. शिवण उसवायची, आतलं कापड सोडायचं. शेवटचा ड्रेस दिला तेव्हा फक्त म्हटलं की आता शिवणीत सोडायला कापड उरलेलं नाही. मेहुणा समोर बसला होता, त्याला मी काय करू? मी शिंपी. मला माप दिसतं. दिसलं ते बोललो. यात अपमान कुठला?

मग बाईसाहेब स्वयंपाकघरात अंधारात उभ्यानं जेवायला लागल्या. एकदा मी जाऊन दिवा लावला. नुसता दिवा लावला हं. एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

दिव्यासाठी कुणी घर सोडतं का? झालरच.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे. माणूस बरा वाटला. त्यांना कटिंगबद्दल चार गोष्टी सांगितल्या. कापड ताणून कापू नये, मध्य आधी धरावा, वगैरे. शांतपणे ऐकून घेतलं. दोन कारागिरांमधला आदर असतो तो.

म्हणाले, ऑपरेशननं कातडी जाईल, पुरळ जाईल. बाकी आयुष्यात काही बदलेल अशी अपेक्षा धरून येऊ नका. सगळ्यांनाच सांगत असणार. आणखी म्हणाले, घरी गेल्यावर पहिले काही आठवडे एकट्यानं राहायचं नाही. घरचं माणूस लागेल.

घरचं माणूस! संध्याकाळी मेहुण्याकडे फोन केला. तो म्हणाला, भाऊजी, विचारतो. बराच वेळ गेला. मग बायको स्वतः बोलली. म्हणाली, येते, पण जखम भरेपर्यंतच.

बघा. ऑपरेशनचं नाव काढलं मात्र, की आली. आणि म्हणे झालर कारण नाही.

१५ फेब्रुवारी

ऑपरेशननंतरच्या मापाची नवी पँट कापली. करड्या रंगाची. अंगासरशी. शिवणीत मार्जिन शून्य. काका म्हणाले, मास्तर, इंचभर तरी सोडा. म्हटलं, इंच सोडायचं ते ज्यांचा स्वतःवर भरवसा नाही त्यांनी.

संकल्प: बायकोसमोर खाण्याचा विषय काढायचा नाही. तोंडाला टाका.

२० फेब्रुवारी, हॉस्पिटल

बायको आली. बॅग छोटीशीच. कंबरेत दोन इंच वाढली आहे, दंडात पाऊण. बोललो नाही! टाका पक्का आहे.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला उभं करून पोटावर जांभळ्या पेननं रेघा मारल्या. उद्या तिथे कापणार. ते गेल्यावर बाथरूमच्या आरशात पाहिलं. डावीकडची रेघ उजवीपेक्षा अर्धा इंच खाली! टेप माझ्या बॅगेत असतोच. दोनदा मोजलं. अर्धा इंच म्हणजे गंमत आहे का? गिऱ्हाइकाचा खिसा अर्धा इंच खाली गेला तर तो कोट तोंडावर फेकतो.

डॉक्टर दमलेले असतील बिचारे. दिवसभराचं काम. त्यांना आता कशाला बोलवा? काउंटरवरून मार्कर मागून आणला आणि रेघ दुरुस्त केली. बायको विचारत होती, बाथरूममध्ये एवढा वेळ काय चाललंय. म्हटलं, शेवटचा हात.

२१ फेब्रुवारी, सकाळ

गोंधळ. सिस्टर तपासायला आली. डावीकडे दोन रेघा, एक जांभळी, एक काळी. तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, ही कुणी मारली? मी समजावून सांगितलं. टेपही दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, माणसाच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. तुमचा डावा खुबा मुळात खाली आहे. मी रेघ त्याला धरून मारली होती, आणि तुम्ही आज माझ्याकडून पोट वाकडं शिवून घेणार होतात.

बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. वाटलं, काळजीनं रडतेय. हसत होती.

स्पिरिटनं पोट घासून काढलं. सालटं निघायची बाकी. पुन्हा रेघा. या भानगडीत माझा नंबर सगळ्यात शेवटी गेला. म्हणजे दिवसभर उपाशी, पाणीसुद्धा नाही. बायको बाहेर जाऊन खाऊन आली. ओठाला लोणी. मी फक्त म्हटलं, लोणी लागलंय. याला कोणी खाण्याचा विषय म्हणणार असेल तर म्हणो.

२४ फेब्रुवारी

झालं. सुटलो.

दोन्ही कुशींतून नळ्या बाहेर काढल्यात, टोकाला रबरी फुगे, त्यात लालसर पाणी जमतं. पोट एवढं ताणून शिवलंय की सरळ उभं राहता येत नाही. काहीतरी हरवल्यासारखा जमिनीकडे बघत चालतो. बायको फुगे रिकामे करते. नाक मुरडत नाही. मला उठवते, बसवते, पाठीमागे उशी सरकवते.

तिचा हात धरून संडासापर्यंत गेलो. किती महिन्यांनी हात धरला तिचा. रडू आलं. ती म्हणाली, काय झालं? म्हटलं, टाके ओढतात.

१ मार्च, घरी

नळ्या काढल्या. पोटाला दिवसरात्र रुंद पट्टा. मी आरामखुर्चीत अर्धवट बसून झोपतो, ती पलंगावर. पण एकाच खोलीत. मध्येच जाग आली की तिचा श्वास ऐकू येतो. बरं वाटतं.

दुपारी तिनं विचारलं, जिचा गोल गळ्याचा कोट उलटा शिवला होतात ती बाई अजून येते का? मी सांगायला लागलो. ती हसली. मी हसलो आणि जीव गेला, पोट धरून बसलो, म्हणून ती आणखी हसली. पूर्वी असंच असायचं. पूर्वी मी हसलो की माझं पोट थोडं मागाहून हसायचं, आणि ती त्याच्यावर हसायची.

पूर्वीचं जाऊ दे. तेव्हा मी आजारीच होतो म्हणायचं.

आज भाताबरोबर बटाटे केले तिनं. भात आणि बटाटे, एकाच ताटात. टाका.

७ मार्च

टाके काढले. आरशात पाहिलं. सपाट! खरोखर सपाट. बेंबी नवीन करून दिलीय, किंचित डावीकडे वाटते, पण मी टेप लावला नाही. माणसानं मोठं मन ठेवावं.

बायकोनं व्रणावरून बोट फिरवलं. मला बोट दिसलं, कळलं नाही, तिथे अजून बधिर आहे. म्हणाली, छान झालंय, सुटलात त्रासातून.

करडी पँट काढली. मांडीपर्यंत आली आणि अडली. सूज आहे. सूज काही महिने राहते म्हणे. हे डॉक्टरांनी आधी सांगायला नको? (बायको म्हणते, सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा त्यांना बाही कशी कापतात ते सांगत होतात.)

मुख्य गोष्ट: झोपताना ती म्हणाली, रविवारी दादाकडून उरलेले कपडे घेऊन येऊ का? मला विचारलं! मी म्हटलं, आण की. आवाज अगदी साधा ठेवला. आता रात्रभर झोप कसली लागते!

जिंकलो. काकांना उद्या सांगतो, काय कारण होतं ते.

९ मार्च

दुपारचं जेवण. तिनं दुसऱ्यांदा भात घेतला.

मी काही बोललो नाही. शपथ घेऊन सांगतो. फक्त ताटाकडे बघितलं. माणसाचे डोळे कुठेतरी बघणारच ना? आणि एवढंच विचारलं, की ओट्यावरचा वजनकाटा कुठे गेला. माझ्या सुपासाठी.

ती थांबली. मला वाटलं, आता ताट घेऊन आत जाईल. गेली नाही. माझ्यासमोर बसून सगळा भात खाल्ला. सावकाश. नजर माझ्यावर. मग तिसऱ्यांदा वाढून घेतला, तोही संपवला. शेवटच्या घासापर्यंत माझ्याकडे बघत होती. मी पट्टा घट्ट करत राहिलो. तिनं ताट धुतलं, हात पुसले, बॅग काढली.

म्हटलं, अगं, मी काय बोललो? ती म्हणाली, काहीच नाही. जखम भरली तुमची.

१० मार्च

काका डबा घेऊन आले. काही विचारलं नाही. त्यांनी काही न विचारणं मला आवडलं नाही. मी म्हटलं, भावाकडे काम निघालंय तिला. ते म्हणाले, हो का. आणि बटणं लावायला निघून गेले.

१६ मार्च

सापडलं! दंड.

दंडाखाली दोन्हीकडे कातडीच्या पिशव्या लोंबतात. पोटाच्या नादात लक्षच गेलं नव्हतं. संडासाला नेताना तिनं मला दंडालाच धरलं होतं. तिच्या हाताला लागल्या असणार. शिसारी येणारच. बोलून कोण दाखवतं?

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, दंडांचं होतं, पण सहा महिने थांबा. मांड्यांचं त्यानंतर. मी विचारलं, त्यालाही घरचं माणूस लागतं का? म्हणाले, सुरुवातीला लागतंच. मी म्हटलं, पोटापेक्षा जास्त दिवस लागलं तर उत्तमच.  ते म्हणाले, तुम्ही जरा कुणाशी तरी बोला.

म्हणून बोललो. मेहुण्याकडे फोन केला. त्याच्या बायकोनं उचलला. मागे सगळी जेवत होती, भांड्यांचा आवाज. त्यात माझ्या बायकोचं हसणं. तोंडात घास असताना हसत होती, मला ओळखू येतं. मी वहिनींना म्हटलं, तिला विचारा, दंडांचं ऑपरेशन ठरवतोय, तेव्हा येईल का? जखम भरेपर्यंत. फार नाही.

त्या विचारायला गेल्या. हसणं थांबलं. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, भाऊजी, ती म्हणतेय, तुमचं तुम्ही बघा. ती जेवतेय.

नऊ वाजून गेले होते. एवढ्या उशिरा भात खाल्ला की अंगावर चढतो, तिला सांगा, असं मी म्हटलं. पलीकडून फोन ठेवलेला होता.