तिसऱ्या गाठीपर्यंत

ता. ६ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मी इकडे धडधाकट आहे आणि तुम्ही दोघंही तसेच असणार असं धरून चालतो. फोनवर मी नुसतं बरं आहे म्हणतो नि ठेवून देतो, म्हणून तू मला पत्राची शिक्षा दिलीस. घे मग. चुका मोजू नकोस.

बातमी अशी की मला बढती मिळाली. दहा महिने मी सिलिंडरांत हवा भरत होतो नि ते धक्क्यावरून बोटीत चढवत होतो, खांद्याची सालं निघाली. आता उस्तादांनी, म्हणजे आमच्या पाणबुड्यांच्या म्होरक्यानं, मला गिऱ्हाइकांना खाली न्यायला लावलंय. सुट्टीला आलेली माणसं असतात. धड पोहता येत नाही, पण पाण्याखालचं कोरल बघायचं असतं. त्यांना आधी कमरेएवढ्या पाण्यात बसवून तोंडानं श्वास घ्यायला शिकवायचं, नाक दाबून कान मोकळे करायला शिकवायचं. मग बोटीनं आत. तिथं तळाला एक दोर बांधलाय, त्याला दर दोन हातांवर गाठ. दोर धरून एकेक गाठ उतरायचं. सहाव्या गाठीला कोरल लागतं.

आता गंमत ऐक. आम्ही गिऱ्हाइकाच्या पाठीशी, जरा वर असतो आणि मागून त्याचा सिलिंडर धरलेला असतो. आम्हीच त्याला फिरवतो, पण आम्ही त्याला दिसतच नाही. वर आल्यावर तो बायकोला छाती फुगवून सांगतो की मी एकटा फिरलो. आम्ही मान डोलावतो.

ताई, तू ये. तू मला अ आ इ शिकवलंस, मी तुला श्वास घ्यायला शिकवीन. दाजींनाही आण. मी उस्तादांना सांगूनच टाकलंय की माझी बहीण येणार.

लोभ आहेच, पत्र नाही आलं तर रुसवाही आहे.

तुझा,
भिंगरी

ता. २० नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. चुका मोजल्या. एकोणीस. गॅरेजात होतास तेव्हाच्या पत्रात चाळीस होत्या, म्हणजे खारं पाणी तुला मानवलेलं दिसतं. गॅरेज, बेकरी, गोदाम, रंगकाम, कुठेच तुझा तीन महिन्यांवर पाय टिकला नाही. म्हणून तर हे नाव पडलं. दहा महिने एका जागी म्हटल्यावर तुझे दाजी भिंगातून डोळा काढून म्हणाले की पोराचं कॅलेंडर बंद पडलं असेल, पाठव म्हणावं दुरुस्तीला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून यापेक्षा मोठं कौतुक मिळत नाही हं.

यायचं मनात फार आहे रे. पण हातात शाळेचे साठ गणवेश आहेत, त्यावर एका हॉटेलाचे पडदे. मशीनचा पट्टाही सैल झालाय. मला जरा खोकला आहे, तो गाद्यांच्या खोळी शिवल्या त्यातल्या कापसाचा. जिन्यात मधल्या खिडकीपाशी थांबते हल्ली, समोरच्यांचं बाळ रांगताना दिसतं तिथून. फार गोड आहे.

हा हंगाम जाऊ दे, मग बघू. उस्ताद सांगतात तेव्हा कानात तेल घालून बसू नकोस. आणि खाली जाताना खरंचही तेल घालू नकोस.

माया आहे तशीच आहे, तू तिची परीक्षा घेऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. ११ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. गणवेश झाले, मग पडदे, मग दाजींच्या दुकानाची रंगरंगोटी, मग पाहुणे. तू दर फोनला एक नवीन कारण शिवतेस, माप मात्र एकच. इथं मला सगळे विचारतात की बहीण कधी येणार. मी तुझ्यासाठी चांगला मास्क वेगळा काढून ठेवलाय, तो काल दुसऱ्यानं वापरला तर मी त्याच्याशी भांडलो.

स्पष्ट लिहितो. माझ्या एकाही कामाच्या जागी तू आली नाहीस. गॅरेज काळं होतं, गोदामात उंदीर होते, ठीक आहे, मी बोलावलंही नाही. पण ही जागा चांगली आहे. इथं माणसं पाण्यातून वर आल्यावर माझा हात धरून रडतात, इतकं त्यांना आवडतं. तुला लाज वाटत असेल की भाऊ अजून मजूरच आहे, तर तसं लिही. मी वाचू शकतो आता.

भिंगरी

ता. २४ जानेवारी

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. नऊ फेब्रुवारीला येतो आहोत. दोन गाड्या बदलून मग बोट. तुझ्या दाजींचा विरोध होता, मी त्यांना दोन दिवस अळणी वाढलं, मग ते तयार झाले.

लाजेचं लिहिलंस ते वाचून मी मशीन बंद करून बसले. तू पहिलीत असताना शाळेच्या कुंपणावरून उडी मारून पळालास, मी तुला गल्लीभर शोधलं आणि सापडल्यावर आधी मारलं, मग कडेवर घेतलं. तेव्हा लाज नाही वाटली, आता कशाची वाटणार?

मास्क कुणाला देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. १८ फेब्रुवारी

ती. दाजींस,

सा. न. वि. वि. हे पत्र तुम्हालाच आहे, ताईला देऊ नका. तुम्हाला बोट लागते म्हणून तुम्ही धक्क्यावर थांबलात. आत काय झालं ते ताईनं तुम्हाला गोड करून सांगितलं असणार. मी होतं तसं लिहितो.

आमच्याकडे पाण्यात उतरण्याआधी एक फॉर्म असतो. दमा आहे का, छातीचा आजार आहे का, धाप लागते का, असे दहा प्रश्न. एकाला जरी हो आलं तरी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नेत नाहीत. ताई म्हणाली की फॉर्म तू मोठ्यानं वाच, मी उत्तरं देते. मी वाचला. एकदाही अडखळलो नाही. ती बाकावर ताठ बसून ऐकत होती आणि प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत होती, गिऱ्हाइकाला कापड शिल्लक नाही सांगते तसं सरळ. दहा वेळा नाही. मी दहा खुणा केल्या. तिचं लक्ष प्रश्नांकडे नव्हतंच दाजी, माझ्या वाचण्याकडे होतं.

कमरेएवढ्या पाण्यात ती शहाण्या पोरीसारखी शिकली. मग आम्ही दोराला आलो. पहिली गाठ, दुसरी गाठ. मी तिच्या डोक्याच्या वर, त्यामुळे तिचे बुडबुडे माझ्या गालाला घासून जात होते. घाबरलेल्या माणसाचा श्वास मला माहीत आहे. तो भराभर येतो आणि थोड्या वेळानं लांब होतो. ताईचा तुकड्यातुकड्यांनी येत होता. दोन तुकडे, मग काहीच नाही, मग एक. मी थांबलो, वाट बघितली. लांब झालाच नाही. आणि तिचे हात बघितले तर एकदम स्थिर. भीती नव्हतीच. तेव्हा मला कळलं.

तिसऱ्या गाठीवर होतो. खाली कोरल दिसायला लागलं होतं, निळसर, धुरकट. तिनं बोट दाखवलं. मी तिच्या समोर आलो आणि वर चलायची खूण केली. तिनं मान हलवली. दोर धरून ठेवला. मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. शिवून शिवून टोकं कडक झालेली बोटं. मग सावकाश, नियमानं, वर आणली.

बोटीत ती कठड्यावर वाकून कितीतरी वेळ खोकत होती. मी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालो. माझ्या फॉर्मवर, माझ्या सहीशेजारी खोटं बोललीस म्हणालो. ती खोकल्यातून हसली आणि शेजारच्या बाईला म्हणाली की हा माझा धाकटा भाऊ, वाचतो किती छान. त्यानं माझं डोकं आणखी फिरलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही निघालात तेव्हा मी मुद्दाम सकाळच्या फेरीला गेलो.

खरं सांगा दाजी. काय आहे तिला?

आपला,
भिंगरी

ता. २ मार्च

चि. भिंगरीस,

अ. आ. मी पत्र लिहिणारा माणूस नाही, सांभाळून घे.

गेल्या पावसाळ्यात कळलं. तिची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. त्याला औषध नाही, नुसता उतार लांबवायचा. डॉक्टर म्हणाले, वर्ष निघेल, कदाचित दोन. तुला सांगायचं नाही असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. तुला कळलं तर तू काम टाकून पळत येशील, आणि हे पहिलं काम होतं जिथं तू टिकलास. मी तिला समुद्रावर नेणार नव्हतो. तुझं लाजेचं पत्र आल्यावर माझं काही चाललं नाही. तुला दोष देत नाही, घडलं तसं सांगतो.

तुझं पत्र तिनं माझ्या कोटातून काढून वाचलंच. मला काही लपवता येत नाही. रागावलेली नाही. म्हणते, त्यानं श्वासावरून ओळखलं, डॉक्टरला फोटो काढावा लागला होता. गल्लीत सगळ्यांना सांगत सुटली आहे.

तिचं एकच म्हणणं आहे. सहाव्या गाठीला काय होतं ते तू लिहून पाठव. सगळं, काही न गाळता. आणि बोटी बंद झाल्या की मे महिन्यात घरी ये. त्याआधी पळत यायचं नाही. तिनं मला हे वाक्य दोनदा लिहायला सांगितलंय, मी एकदाच लिहितो.

तुझे,
दाजी

ता. १२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आधी कान पकडतो. खोटारडी म्हणालो ते परत घेतो, फॉर्मवर खोटं बोललीस ते मात्र परत घेत नाही.

आता चल. मशीनवरून ऊठ, पलंगावर आडवी हो, दाजींना वाचायला सांग. चौथी गाठ. इथं कानात दडा बसतो, नाक दाब. पाचवी गाठ. इथून पाणी जरा गार आहे. सहावी. हे कोरल. लांबून दगड वाटतं, जवळून बघितलं तर जिवंत असतं. एक आहे फुलकोबीसारखं, एक हरणाच्या शिंगासारखं, एक तर अगदी तुझ्या डब्यातल्या लेसच्या गुंडाळीसारखं. त्यात करंगळीएवढे निळे मासे आहेत, शंभर तरी असतील. मी बोट पुढे केलं की सगळे एकदम आत जातात आणि पुन्हा एकदम बाहेर येतात, शाळा सुटल्यासारखे.

ता. १९ मार्च. पत्र टाकणार होतो, पण आज एक नवीन बघितलं. एक मासा चोचीनं कोरल खातो. कुरकुर आवाज येतो, पाण्यात, खरंच ऐकू येतो. आणि मागून पांढरी वाळू सोडतो. उस्ताद म्हणाले, किनाऱ्यावर आपण बसतो ती बरीचशी वाळू यांचीच. हे दाजींना मोठ्यानं वाचायला लाव.

ता. २६ मार्च. काल उस्तादांकडून शुद्धलेखन तपासून घेतलं, त्यांच्याही सात चुका निघाल्या असत्या. दोन पानं पुन्हा लिहिली. तू म्हणालीस काही गाळू नकोस, म्हणून आता रिकाम्या फेरीला मी एकटा खाली जातो आणि डावीकडून सुरू करून बघत जातो. उजवी बाजू अजून राहिली आहे.

ता. २ एप्रिल. उजवीकडे एक कपार आहे. तिच्यात म्हातारा, जाड ओठांचा मासा राहतो आणि दोन चिमुकले मासे त्याचे दात साफ करत असतात. तो तोंड उघडून गपगार पडून राहतो, जरासुद्धा हलत नाही. कपारीच्या मागचं उद्या बघतो, मग पत्र पुरं होईल. परवा नक्की टाकतो.

ता. ९ मे

ती. दाजींस,

सा. न. वि. वि. दहाव्यापर्यंतही न थांबता, चौथ्याच दिवशी तुम्हाला न सांगता निघून आलो, त्याबद्दल आधी माफी. तुम्ही सकाळी दूध आणायला गेलात आणि घरात मी एकटा राहिलो. मशीनवर एका पोराचा गणवेश होता, एक बाही लावलेली, एक नाही. मला तिथं बसवेना.

सोबत जोडलेलं पत्र मी तिला लिहिलेलं आहे. पाकिटावर तुमचं नाव घातलंय, कारण तिचं घातलं असतं तर पोस्टमननं काय केलं असतं मला माहीत नाही. तीन एप्रिलला तुमचा फोन आला तेव्हा मी कपारीच्या मागे होतो. वर आलो तर उस्ताद माझा फोन हातात धरून बोटीत उभे. पत्र माझ्या पिशवीतच होतं. तीन आठवडे होतं. बारा मार्चलाच टाकलं असतं तर तिला मिळालं असतं, निदान कोबी आणि निळे मासे तरी मिळाले असते. डॉक्टर वर्ष म्हणाले होते ना दाजी. मला वाटलं वेळ आहे, सगळं नीट लिहू. जन्मात एक गोष्ट मी घाई न करता केली, ती ही.

तुमच्याकडे येताना ते पत्र मी खिशातून आणलं होतं. तिच्याजवळ बसून वाचावं असं मनात होतं. माणसं होती, खिशातून काढलंच नाही. तसंच परत घेऊन आलो.

इथं सगळे म्हणतात की तू तिला वर आणलीस ते बरोबर केलंस. उस्ताद तर नव्या पोरांना माझं उदाहरण देतात. बरोबरच केलं, तिथं असंच करायचं असतं. पण रोज तिसऱ्या गाठीशी आलो की माझा सिलिंडरवरचा हात सुटतो आणि मला गिऱ्हाइकाला दोन्ही हातांनी धरावं लागतं. म्हणून मी सांगून टाकलं, आता पुन्हा सिलिंडर भरतो. काम सोडलेलं नाही. सोडणार नाही.

तुम्हाला एक विनंती आहे. हंगाम सुरू झाला की तुम्ही या. बोट लागते ते माहीत आहे, लिंबू घेऊन बसा. तुम्हाला न्यायला मी पुन्हा उतरेन. पण निघायच्या आधी डॉक्टरकडे जा, छाती, कान, रक्तदाब, सगळं तपासून घ्या आणि जे निघेल ते मला कळवा. वाईट निघालं तर आधी कळवा. मी पळत येईन, मला कुणी अडवायचं नाही.

आता दोघांतच लोभ ठेवायचा आहे, तो कमी पडू देऊ नका.

तुमचा,
भिंगरी