एंगेज लागणारा नंबर

प्रिय धाकट्या,

'प्रिय' हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ लावू नकोस. फोन केला नाही, कारण माझा नंबर तुझ्याकडे थेट रेकॉर्डिंगवर जातो हे मला आता कळलंय. दोन वर्षं त्या रेकॉर्डिंगला मी वेड्यासारखी खुशाली सांगत होते. म्हणून हा कागद. हा तरी तुला हाताने फाडावा लागेल.

मंगळवारी फोनची यंत्रणा सांभाळणारा तूच रजेवर होतास आणि तुमच्या ऑफिसचे सगळे फोन मुके झाले. तक्रार आमच्या दुरुस्तीच्या कंपनीकडे आली आणि नेमकी मीच मोकळी होते. तुमच्या गेटवेचा, म्हणजे सगळ्या फोनचा आवाज नेटवर्कवर पाठवणाऱ्या त्या डब्याचा, पॉवर सप्लाय जळला होता. तो बदलला आणि एकेक सेटिंग तपासत बसले. काम तुझंच, हे पहिल्या पानावरच ओळखलं. कबूल करते, नीटनेटकं आहे. एकाने फोन उचलला नाही तर शेजारच्याकडे, त्यानेही नाही तर रिसेप्शनवर. कॉल वेटिंग सगळ्यांना. गिऱ्हाईक कधी ताटकळत राहायला नको, याची केवढी काळजी! मग तुझं एक्स्टेन्शन उघडलं. तिथे दोनच नंबर होते. माझा रेकॉर्डिंगवर, आणि बाबांचा थेट एंगेज टोनवर. पुढे शेऱ्याच्या रकान्यात तू लिहिलं होतंस : त्रासदायक कॉल.

माझं डोकं फिरलं. शेजारी तुझा साहेब उभा होता म्हणून तोंड आवरलं. अरे, तो रकाना रिकामा ठेवला असतास तरी चाललं असतं की! ज्या माणसाने तुला मांडीवर बसवून रिसीव्हर उघडून दाखवला, त्याला तू दोन शब्दांत निकालात काढलंस.

तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. आई गेल्यावर बाबांची जीभ फारच सुटली. त्या दिवशी तुझा फोन स्पीकरवर होता आणि अख्ख्या ऑफिससमोर त्यांनी तुला साधी तार जोडता येत नाही म्हणून झापलं. पोरं हसली. मलाही त्यांनी कमी ऐकवलेलं नाही. पण मी समोर उभी राहून भांडले, दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी चहा करून दिला. तू मात्र कानात बोटं घातलीस आणि बाबांना वाटू दिलंस की मुलगा कामात गळ्यापर्यंत बुडालाय.

असं मला वाटत होतं. घरी येऊन मी जोड्यांसकट आत शिरले आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. ते पेपरची घडी घालत राहिले. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होता रे तो माणूस! कॉल वेटिंग असलेली लाइन एंगेज लागतच नाही, आणि शेवटचा आकडा दाबताक्षणी तर मुळीच नाही. त्यांना फसवायला निघालास आणि नेमकं हेच विसरलास. त्यांच्या भाषेत सांगायचं तर, काम कच्चं केलंस.

तरीही रोज चार वाजता ते नंबर लावतात, टोन ऐकतात, ठेवून देतात. शेजारच्या काकूंना सांगतात, पोराला श्वास घ्यायला फुरसत नाही. मी विचारलं, मग लावता कशाला? म्हणाले, काढलंय का ते बघतो.

तो रूल, म्हणजे बाबांचा नंबर एंगेजवर टाकणारी ती सेटिंग, मला तिथेच पुसता आली असती. बोट गेलंही होतं. पण गिऱ्हाइकाच्या सेटिंगला न विचारता हात लावायचा नाही, हे आपल्या दोघांना बाबांनीच शिकवलंय. आणि त्यांनीही मला बजावलं, ज्याने लावलंय त्यालाच काढू दे.

मी लिहितेय हे त्यांना माहीत नाही. कळलं तर माझी खैर नाही, कारण कीव म्हणून आलेला फोन त्यांना नकोय. पण मला आता त्यांच्या मानापानाचं काही पडलेलं नाही, तुझ्या तर नाहीच. गेले सहा महिने त्यांचा घसा बसलेला होता, तो साधा नव्हता. सोमवारी सकाळी डॉक्टर त्यांचं अख्खं स्वरयंत्रच काढून टाकणार आहेत. जीव वाचेल, असं म्हणतात. त्यानंतर बाबा नंबर लावू शकतील, बोलू शकणार नाहीत. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी चार वाजता ते नेहमीप्रमाणे फोन लावतील. त्याआधी तो रूल काढ आणि उचल. ते झापतील, तुझ्या कामातल्या चुका काढतील, आवाज घोगरा येईल, अर्धं कळणार नाही. सगळं ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. सोमवारनंतर ते तुला झापूही शकणार नाहीत.

अजून रागातच असलेली, पण तुझीच,
ताई