तांदळाएवढा निळा ठिपका

१२ मार्च २०१९, माग्डेबुर्ग
आज पुन्हा शब्द हरवला. बेकरीत उभी राहून बोटाने पाव दाखवत होते, नाव काही येईना. एकतीस वर्षं ट्राम चालवली, एक थांबा चुकले नाही! आईचं असंच सुरू झालं होतं. ठरवलं – मेंदूच्या म्हातारपणावर संशोधन चाललंय, तिथे नाव द्यायचं.
एकहार्ट म्हणाला, "सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात माझा वाढदिवस सोडून तू काही विसरली नाहीस."

२० मार्च
जोडीदारालाही तपासतात. एकहार्ट नवरदेवासारखा नटून आला.
यंत्रात तासभर पडून होते. कानाशी रस्ता खोदतायत असा आवाज. मग डॉक्टर वीब्केंनी चित्र दाखवलं. मेंदूच्या देठात तांदळाएवढा ठिपका. खरा निळसर असतो म्हणे.
"एवढासा?"
"एवढासाच. पण लक्ष जागं ठेवतो तो. वयाबरोबर झिजतो. ज्यांचा टिकतो, त्यांची स्मरणशक्तीही बरेचदा टिकते."
"माझा टिकलाय?"
"एका चित्रावरून मी भविष्य सांगत नाही, पोलबाई. बाकीच्या चाचण्या होऊ देत. तोवर नवं काहीतरी शिका. नवलाई दिसली की तो तरतरीत होतो."
एकहार्ट मध्येच, "माझा बघा. बटाट्याएवढा असेल."

६ एप्रिल
एल्बे नदीवर बायकांचं नौकापथक आहे. गेले. वल्हं मारायला शिकले आणि वीस मिनिटांत पाण्यात पडले. पाणी बर्फासारखं. म्होरकी उटे हसून हसून बेजार. काठावरून एकहार्ट ओरडला, "ट्रामला ब्रेक होता गं, रोसविथा!"

७ एप्रिल
खांदे ठणकतायत. फार मजा आली.

११ मे
आज तीन पूल पार केले, न पडता. एकहार्ट कॉफी घेऊन येणार होता, तो भलत्याच धक्क्यावर तासभर उभा. नेहमीचा धक्का सोडून! विचारलं तर म्हणाला, "नदीच सरकली." सगळ्याजणी हसल्या. मीही.

१७ मे
डॉक्टर वीब्केंचा फोन. माझं सगळं वयाला धरून आहे, शब्द अडणं साधं. स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडलाय तो एकहार्ट. पुढच्या तपासणीला त्याला बोलावलंय.
त्याला सांगितलं. बराच वेळ कप धूत राहिला. मग म्हणाला, "त्या उटेला विचार, नावेत पुरुष चालतो का."